करंगळीएवढी फट

मार्गशीर्ष लागला की आमच्या कामाचा हंगाम सुरू होतो. गावाकडं जवारी कमरेच्या वर आलेली असते, हरभऱ्याला घाटे धरू लागलेले असतात, आणि इकडं हैदराबादबाहेरच्या आमच्या तळावर मी रोज सकाळी चहाच्या आधी वाऱ्याचा तक्ता उघडते. जमिनीवरचा वारा नव्हे. तो तर वाळत घातलेल्या ओढणीवरूनही कळतो. मला हवा असतो वीस, पंचवीस, तीस किलोमीटर उंचीवरचा. तो पश्चिमेकडं वाहू लागला की आमचे फुगे बिदर, उदगीर, अहमदपूर करत निघतात. एखादा थेट आमच्या परळी तालुक्यात जाऊन उतरतो.

आज तक्त्यावरचे बाण पश्चिमेकडं वळलेले दिसले. आईला फोन केला तर ती म्हणाली, "येळवस आलीय. तू फुगे सोडाय लागलीस का मग?"

आईच्या लेखी मी नोकरीत फुगे सोडते. तसं पाहिलं तर ते खरंच आहे. पहिल्यांदा तिला कामाचं सांगितलं होतं, की वरच्या हवेतले बारीक कण मोजायचे, तेव्हा ती म्हणाली होती, "म्हंजी धूळच की. धूळ मोजायचा पगार देतेत?" वडील शेजारी बसले होते. ते म्हणाले, "देतेत म्हंजी महाग आसंल ती धूळ."

आमचे फुगे जत्रेतले नव्हेत. फुगून उभा राहिला की गावातल्या पाण्याच्या टाकीहून उंच दिसतो, आणि त्याचं प्लास्टिक कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ. त्याला खाली लांब दोर, दोराला पॅराशूट, आणि त्याखाली थर्माकोलमध्ये गुंडाळलेली पेटी. पेटीत यंत्र. वर हवा इतकी विरळ की तिला हवा म्हणायला जीव धजत नाही, तरी तिथंही कण असतात. कुठल्या तरी ज्वालामुखीतून उडालेले, कुठल्या तरी देशातल्या वणव्याचे, जळून गेलेल्या उल्कांचे. एवढ्या उंचावर गेलेला कण पावसानं धुऊन निघत नाही, कारण पाऊस त्याच्या खाली पडतो. तो तिथंच तरंगत राहतो आणि आपल्या वाटचं थोडं थोडं ऊन अडवतो.

हे कण बघायला वर उपग्रह आहेत. त्यांपैकी एकावरचं यंत्र आमच्या गटाच्या कामाचं. पृथ्वीभोवती फिरताना त्याला दिवसातून कितीतरी वेळा सूर्य उगवताना दिसतो. सूर्य पृथ्वीच्या कडेवर टेकला की त्याचा उजेड हवेच्या थरांतून आडवा गाळून येतो. कुठल्या उंचीवर किती उजेड अडला, ते यंत्र टिपतं. जिथं अडला, तिथं कण. पण ते लांबून बघणं झालं. लांबून बघणाऱ्याचं खरं मानायचं तर आधी कुणीतरी त्या थरात जाऊन, कण गोळा करून, खाली आणून दाखवावे लागतात. ते काम आमच्या पेटीचं.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. वडील सिरसाळ्याच्या बाजारात हमाल, आई त्याच बाजारात झाडणारी. पोती उतरताना जी जवारी सांडायची ती आई झाडून गोळा करायची आणि संध्याकाळी उंच धरून वाऱ्यावर उपणायची. खडा पायाशी पडायचा, दाणा त्याच्या थोडा पुढं, भुसकट लांब उडून जायचं. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला सरांनी फळ्यावर आकृती काढून सांगितलं, की वाहत्या हवेतून जड आणि हलके कण असे वेगळे होतात, तेव्हा सगळा वर्ग वहीत उतरवून घेत होता. मी नाही घेतलं. ते मला आईनं आधीच शिकवलं होतं. माझ्या पहिल्या यंत्राचं तत्त्वही तेच निघालं.

तर, सांगायची गोष्ट आहे ती काही वर्षांपूर्वीच्या एका हंगामाची. उपग्रह नवा होता, वर जाऊन थोडेच महिने झाले होते. त्याच्या यंत्राला बावीस किलोमीटरच्या आसपास कणांचा एक पातळ थर दिसायला लागला होता. कुणी म्हणत होतं, लांबच्या एका मोठ्या वणव्याचा धूर आहे. कुणी म्हणत होतं, थर-बीर काही नाही, यंत्राच्या आरशावर वाफ धरलीय आणि तीच आपल्याला कण म्हणून दिसतेय. बैठकीत दोन्ही बाजूंचे आवाज चढायचे. एक तर नवी गोष्ट सापडली होती, नाहीतर कितीतरी वर्षांचं काम आंधळं निघालं होतं. मधलं काही नव्हतं.

खरं-खोटं करायला आमच्याकडं एकच फुगा उरला होता, आणि उपग्रह नेमका आमच्या पट्ट्यावरून सूर्योदय पाहील अशी एकच सकाळ. ती सकाळ निघाली येळवसची. मार्गशीर्षातली अमावस्या. लातूरकडं हा सण मोठा, आमच्या परळी-अंबाजोगाईच्या बाजूलाही करतात. त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही, सगळे रानात. जवारीत कडब्याची कोपी उभी करायची, तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून पुजायचे, मडक्यातली आंबील सगळ्या रानाला शिंपायची आणि येईल त्याला जेवायला घालायचं.

पेटीच्या तोंडाला एक झाकण होतं. ते झाकण माझं. माझं म्हणजे अगदी माझंच. आराखडा मी काढलेला, स्प्रिंग मी निवडलेली, वंगण मी हातानं भरलेलं. वर थरात पोचल्यावर ते उघडायचं, आत एका छोट्या चकतीवर कण बसायचे, आणि फुगा दोरापासून तोडून पेटी खाली सोडायच्या आधी ते मिटायचं. मिटलं नाही तर पॅराशूटनं खाली येताना तोंड उघडंच राहणार आणि खालच्या हवेतली धूळ त्याच चकतीवर जाऊन बसणार. मग वरचं कुठलं आणि खालचं कुठलं, कुणाच्या बापाला कळणार नाही. एवढ्या मोठ्या कामात माझा वाटा बांगडीएवढ्या एका झाकणाचा होता. पण गटात सगळ्यात लहान मी, सगळ्यात नवी मी, आणि झाकण माझ्यावर सोपवलं होतं. त्या वर्षी मी सगळ्या पाहुण्यारावळ्यांना झाकणाची गोष्ट सांगितली होती.

फुगा पहाटे सुटला. तो कुठं पडेल तिकडं पळायला आमची जीप आधीच अहमदपूरच्या रस्त्याला लागली होती. जीपमध्ये तिघं: आमच्या गटाच्या प्रमुख मॅडम, मी आणि चालक मस्तानभाई. मॅडम गुंटूरकडच्या, कमी बोलणाऱ्या. मस्तानभाई हैदराबादचे, त्यांच्या वाटचंही बोलणारे.

तळावरून फोन आला. फुगा तोडला. झाकणाला मिटायचा हुकूम गेला होता, पण मिटल्याची खूण आली नाही. संपर्क त्याच वेळी तुटला.

"म्हणजे मिटलं का नाही?" मी विचारलं.

"माहीत नाही," पलीकडून आवाज आला.

मॅडम म्हणाल्या, "पेटी पाहू." एवढंच. 

अर्ध्या तासानं माझ्या फोनवर एक अनोळखी नंबर. पेटीवर पाच-सहा भाषांत सूचना असते, तिच्यातली मराठी मीच लिहिलेली: यात धोक्याचं काही नाही, उघडू नका, जपून ठेवा, या नंबरवर कळवा. पलीकडून एक माणूस ओरडून बोलत होता. "आवं, तुमचं इमान पडलंय आमच्या रानात. सिरसाळ्याच्या अलीकडं. मोडलं न्हाई. जपून ठिवलंय. जेवायलाच या!"

इतक्या हंगामांत फुगे कुठं कुठं पडले होते. या खेपेला माझ्या बापाच्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर पडला.

दुपार व्हायच्या बेताला पोचलो. बांधावर चपला काढल्या. जवारीत वाट करून नेलेलं, मधोमध कोपी, आणि कोपीपुढं उन्हात, अंथरलेल्या गोधडीवर, आमची पेटी. तिला हळदीकुंकू लावलेलं. पेटीशेजारी एक पन्नाशीची बाई बसलेली, कासोटा घातलेला, कोपरापर्यंत हात चुन्यानं पांढरे आणि बोटं शेणामातीनं काळी. ती शेवंताबाई. फोन केला होता तो तिचा नवरा.

"आगं, बाईमाणसंच आली की!" ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून, "मराठी येती का तुला?"

"येती की. मी हितलीच."

"हितली? कुनाची गं तू?"

आमच्याकडं हा प्रश्न साधा नसतो. त्याच्या उत्तरात घर येतं, गल्ली येते, जात येते. मी सांगितलं, "सिरसाळ्याच्या बाजारातल्या किसन हमालाची."

"किसनदादाची? आगं बया! आमची पोती त्येनंच उचललीत की सारी. लेक एवढी शिकली व्हय त्येची?"

आम्हाला रान नव्हतं. लहानपणी येळवसला दुसऱ्यांच्या रानात जेवायला जायचो. बोलावणं प्रेमानं असायचं. बांधाच्या कुठल्या बाजूला बसायचं, ते आईला कुणी न सांगता कळायचं. त्या दिवशी शेवंताबाईनं मला हाताला धरून कोपीच्या तोंडाशी, मॅडमच्या शेजारी बसवलं. तिच्या ते ध्यानातही नसेल. माझ्या होतं.

पण त्याआधी पेटी. मी तिच्याकडं वळले. पेटीचं तोंड, जिथून कण आत जायचे ते, शेणामातीनं गच्च लिंपलेलं होतं. वरून बोटांनी छान गुळगुळीत केलेलं.

"या अल्ला!" मस्तानभाई म्हणाले. "करोडां का सामान, उस पे गोबर थोप दिए!"

शेवंताबाईला ते समजलं. मराठवाड्यात दखनी कुणाला समजत नाही? ती उसळली. "थोपलं म्हंजी? मालकानं वाचलं ना, काय लिवलंय ते. उघडू नका, जपून ठिवा. आन् ते तर उघडंच हुतं! मग म्या बंद केलं. बियाचं गाडगं कसं जपतो आपन? त्वांड लिंपूनच ना? का तसंच ठिवतो किड्यामुंग्याला?"

सूचना माझीच होती. तिच्यात खोट काढायला मला जागा नव्हती. उघडं म्हणजे पेटीचं बाहेरचं तोंड, असंच मी तेव्हा धरलं.

मी पातळ पात्यानं कडेकडेनं माती सोडवली. ऊन लागून ती सुकली होती, सबंध चकतीच भाकरीसारखी उचलून आली. आत कणभरही सांडली नाही. मी आत बॅटरी मारली. झाकण मिटलेलं होतं. घट्ट, कडेला कड लागून.

"मिटलंय!" मी ओरडले. मॅडमनी वाकून पाहिलं आणि पहिल्यांदा हसल्या. मी फोटो काढले. मनातल्या मनात वडिलांना फोनही लावून झाला होता.

मॅडम इंग्रजीत म्हणाल्या, "तरी तिला विचार. सापडलं तेव्हा कसं होतं?"

मी शेवंताबाईला विचारलं. ती हात पुढं करून सांगायला लागली. "उघडं हुतं की. त्येच तर सांगाय लागले. आता कणगी लिंपायच्या आदी आपन बोट घालून बघतो न्हाई का, आत ऊब धरलीय का ओल हाय ते? तसं बघितलं. ही करंगळी गेली, ह्या दुसऱ्या पेरापातुर. तिच्या शेजारचं घालाय गेले तर अडकलं. आन् आत काय गार गं! बरफावानी. करंगळी बधिर झाली माझी. मग लिंपलं आन् म्हनलं, ह्याला जरा उनात ठिवावं. उनात ठिवल्यावर घटकाभरानं आत टक्कन वाजलं. मालक म्हनले, जित्तं हाय का काय हे?"

मला सगळं कळलं. एका वाक्यात कळलं. वरच्या थंडीत माझं वंगण गोठलं होतं. झाकण अर्ध्यावर अडकलं, तसंच उघडं खाली आलं आणि शेवंताबाईच्या रानातलं ऊन लागल्यावर मिटलं. आता ते निर्दोष दिसत होतं. ते उघडं होतं हे सांगणारं जगात एकच माणूस होतं, आणि त्या माणसाचं बोलणं मॅडमपर्यंत नेणारी मी होते.

मॅडम वाट बघत होत्या.

"म्हणते, नीट पाहिलं नाही," मी सांगितलं.

मॅडमनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

मी असं का केलं, याचा विचार पुढं पुष्कळ वेळा केला. नोकरी गेली नसती. झाकणं अडकतात, आमच्या धंद्यात त्याचं कुणाला नवल नाही. पण गटातल्या बाकीच्यांचं काही चुकलं तर ते त्या एकट्याचं चुकतं. माझं चुकलं तर मला वाटायचं, सिरसाळ्याचा सगळा बाजार चुकला, आई चुकली, बाप चुकला, आणि मला मुलाखतीत निवडणारे तर सगळ्यात जास्त चुकले. असं मला कुणी म्हणालं नव्हतं. मीच धरून बसले होते. आणि वडिलांचं काम मी रोज बघितलेलं होतं. पोतं फाटकं असेल तर हमाल उचलायच्या आधी मोठ्यानं ओरडतो, "फाटकं हाय!" उचलल्यावर ओरडून उपयोग नसतो, सांडलेलं त्याच्याच नावावर पडतं. हे सगळं माहीत असून मी पोतं गुपचूप पाठीवर घेतलं.

पत्रावळी मांडल्या. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि मडक्यातली गार आंबील. येळवसची भज्जी म्हणजे रानात जे जे उगवतं ते सगळं एका भांड्यात: पालेभाज्या, शेंगा, ओले दाणे, वर बेसन. मॅडमनी आंबील दोनदा मागून घेतली. मस्तानभाई शेवंताबाईच्या नवऱ्याशी कुणाची म्हैस किती दूध देते यावर वाद घालत होते. वारा जवारीच्या पानांतून सळसळत होता. 

शेवंताबाई वाढता वाढता माझ्यापुढं थांबली. "पोरी, एक इचारू?"

"विचारा की, मावशी."

"म्या त्या बाईला येवढं घडाघडा सांगितलं. कणगीचं सांगितलं, करंगळीचं सांगितलं, गार लागल्याचं सांगितलं. आन् तू दोन शब्दांत उरकलंस. इंग्रजी लई आखूड भाषा हाय व्हय?"

मस्तानभाईंना ठसका लागला. "सच्ची बात बोली मौसी ने! हमारी मॅडम भी तो ऐसीच बाता करते, एक लफ्ज़ में खल्लास!"

सगळे हसले. मॅडमना मराठी येत नव्हती, पण त्यांनी माझ्या चेहऱ्याकडं बघितलं. तिथं हसू नव्हतं.

मी पत्रावळ बाजूला सरकवली. "मॅडम," मी म्हणाले, "मी तुम्हाला बरोबर सांगितलं नाही. ती म्हणाली, उघडं होतं. तिनं बोट घालून पाहिलं. आत गार होतं, आणि उन्हात ठेवल्यावर ते मिटल्याचा आवाज तिनं ऐकला. माझं झाकण अडकलं होतं."

मला वाटलं होतं, त्या विचारतील, का खोटं बोललीस. त्यांनी विचारलं, "कोणतं बोट?"

"काय?"

"कोणतं बोट गेलं?"

मी सांगितलं. करंगळी गेली, शेजारचं अडकलं. मॅडम अर्ध्या जेवणावरून उठल्या. "म्हणजे फट करंगळीहून मोठी आणि शेजारच्या बोटाहून लहान," त्या म्हणाल्या. मग हात न धुताच बोलत राहिल्या, त्यांना इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. फट किती होती ते कळलं, पेटी किती वेळ खाली येत होती ते माहीत आहे, खालच्या हवेत किती धूळ होती ते आपली जमिनीवरची यंत्रं सांगतील. मग त्या चकतीवर खालून किती आलं ते काढता येतं आणि वजा करता येतं. उरेल ते वरचं. फट माहीत नसती तर चकती फेकून द्यावी लागली असती. आणि फट नव्हतीच असं समजून चाललो असतो तर?

त्या थांबल्या. "तर मी या रानातली धूळ बावीस किलोमीटरवरच्या थराच्या नावावर मांडली असती," त्या म्हणाल्या. "आणि सगळ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला असता."

हे त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी जीपमधून माप घ्यायचा कॅलिपर आणला. शेवंताबाईनं हात धुतले, पदरानं कोरडे केले आणि पुढं धरले. मॅडमनी स्वतः माप घेतलं. करंगळी, दुसऱ्या पेरावर. शेजारचं बोट, जिथं अडकलं तिथं. प्रत्येकी तीनदा. मी आकडे लिहीत होते.

"आंगठी करनार हायत का काय मला?" शेवंताबाई म्हणाली.

तिचा नवरा म्हणाला, "आमच्याच्यानं झाली न्हाई ती इस्रोवाल्यांनी करावी आता."

"इस्रोवाले न्हाईत ते, फुगेवाले हायत. आइकत जा जरा." मग मला हळूच, "आगं, खुरपून खुरपून बोटं लई जाड झालीत गं माझी. तुमच्या हिशोबात बिघाड तर न्हाई व्हायचा?"

"नाही, मावशी. जाड आहेत तेच बरं झालं. बारीक असती तर दोन्ही गेली असती."

मी पुन्हा सगळं विचारलं. या वेळी तिचं प्रत्येक वाक्य झाल्यावर थांबले आणि सगळं मॅडमना सांगितलं. कणगीचं, ओल बघण्याचं, बधिर झालेल्या करंगळीचं, टक्कन वाजल्याचं, मालक काय म्हणाले त्याचंही. बराच वेळ लागला. शेवंताबाई माझ्या तोंडाकडं बघत होती. इंग्रजी लांबलेली बघून तिचं समाधान झालेलं दिसलं.

परतताना जीपमध्ये पेटी माझ्या पायाशी होती. धर्मापुरीकडचा फाटा मागं पडल्यावर मॅडम म्हणाल्या, "अहवालात झाकणाचा भाग तू लिहायचा. तुझ्या नावानं." मी हो म्हणाले. 

पुढच्या आठवड्यात तसंच दुसरं झाकण, तेच वंगण भरून, थंडीच्या कपाटात ठेवलं. वरच्याइतकी थंडी दिली आणि मिटायचा हुकूम दिला. ते अर्ध्यावर अडकलं. फट मोजली. करंगळीच्या मापाहून जास्त, शेजारच्या बोटाहून कमी. कपाटाचं दार उघडून बाहेरची ऊब आत येऊ दिली. घटकाभरानं टक्कन वाजलं. मी एकटीच होते तिथं, तरी मोठ्यानं म्हणाले, "जित्तं हाय का काय हे?"

वजाबाकी झाली. बरंच गेलं, पण थर उरला. उपग्रहानं सांगितला होता त्याहून थोडा पातळ, पण होता. आरशावर वाफ नव्हती. वर खरंच धूर होता. बैठकीत दोन्ही बाजू थोड्या थोड्या नाराज झाल्या, तेव्हा मला वाटलं की आकडा बरोबर असणार.

ते वंगण आता आमच्याकडं कुणी वापरत नाही. नव्या मुलांना मी थंडीचं कपाट दाखवते आणि माझ्या झाकणाची गोष्ट सांगते, सगळी. त्यांतला एखादा विचारतो, "मॅडम, मग तुम्हाला काही झालं नाही?" मी सांगते, झालं ना. पुढचं झाकण मलाच करायला लावलं. ते तपासणीतून तीन वेळा परत आलं.

अहवाल छापून आल्यावर मी त्या पानाची प्रत घेऊन शेवंताबाईच्या रानात गेले होते. माघ लागला होता, हुरडा संपत आला होता, जवारीची काढणी तोंडावर होती. ती बांधावर कणसं बघत होती. मी पान काढलं आणि इंग्रजीचं मराठी करून वाचलं: "झाकणाची फट प्रत्यक्ष मोजता आली नाही. पेटी प्रथम हाताळणाऱ्या शेतकरी शेवंताबाई यांनी बोट घालून केलेल्या तपासणीवरून फटीची लहानात लहान आणि मोठ्यात मोठी मर्यादा ठरवली."

"माजं नाव हाय त्यात?"

"आहे. हे बघा."

तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं पान हातात घेतलं आणि मी बोट ठेवलं होतं तिथं आपलं बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग म्हणाली, "आन् ह्येच्या खाली काय लिवलंय?"

"ते झाकणाचं आहे."

"मंग वाच की. पान तर सबंध हाय."

मी वाचलं. "झाकण वेळेवर मिटलं नाही. वंगण चुकीचं निवडलं होतं. रानात पहिल्यांदा विचारलं तेव्हा ही माहिती चुकीची कळवली गेली, नंतर दुरुस्त केली. निवड आणि माहिती, दोन्हींची जबाबदारी झाकण करणाऱ्याची." आणि त्याखाली माझं नाव, आडनावासकट, पदवीसकट.

"झाकण करनारी कोन?"

"मी."

शेवंताबाईनं पानावरचं माझं नाव शोधल्यासारखं केलं. मी दाखवलं. तिनं आपलं बोट तिथं आणून ठेवलं.

"बरं," ती म्हणाली. "आता किसनदादाला वाचून दाखीव. दोनी वाच."

मी तिथून सरळ बाजारात गेले. वडील पोती लावत होते, दुपारची गर्दी होती, हमाल भोवती उभे होते. मी दोन्ही वाचलं. दुसरं वाचताना आवाज जरा बारीक झाला, म्हणून वडील म्हणाले, "मोठ्यानं," आणि मी ते पुन्हा पहिल्यापासून, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.